हयगय कोणाची?

बऱ्हाणपूर हे नाव आमच्या किनारपट्टीवरील वाचकाला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. मुमताजमहलचा मृत्यू 1631 मध्ये तेथे झाला, एवढे बहुधा आठवते. आज तापीकाठचे ते शहर केळी व कापड यांच्या व्यापारावर जगते, आणि त्या व्यापाराची पुष्कळशी वर्दळ दोन रस्त्यांवरून चालते: असीरगडावरून येणारा इंदूर-इच्छापूर मार्ग, आणि चोपडा, यावल, रावेर करीत येणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्ग. या दुसऱ्या रस्त्यावर किनगावजवळ फेब्रुवारी 2021 मध्ये पपयांनी भरलेला ट्रक रात्री उलटला. मालावर बसून घरी निघालेले रावेर भागातील मजूर, त्यांत बायका आणि मुलेही, त्याखाली सापडले. पंधरा जणांचा बळी गेला.

अपघातानंतर पोलिसी कागदांत एक ठराविक वाक्य उमटते: ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’. ते वाक्य बहुधा खोटे नसते. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, आणि त्यांतील सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खाती जमा आहेत. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. या हिशेबात चालकाच्या कौशल्याला सूट नाही. तेव्हा चालकाला दोष देण्यात काही गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमचा आक्षेप आहे तो तेथेच थांबण्याला.

खेपांवर मोबदला ठरत असेल, तर चालक झोप घेईल की आणखी एक खेप मारील? मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा 1961 च्या कायद्याने घातली. ती पाळली जाते काय, असे रस्त्यावर कोणी विचारल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. परवाना मात्र तत्परतेने विचारला जातो. कशासाठी, हे वाचक जाणतात!

आणि खर्च कोण सोसतो? मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आशा राणी खटल्यात दिला. मृत मनुष्य गाडीमालकाने कामाला लावलेला हमाल होता असे सिद्ध झाले, तर मर्यादित भरपाईचा मार्ग उरतो. पण ज्याची मजुरी कोणत्याही वहीत लिहिलेली नाही, त्याच्या विधवेने हा पुरावा आणावा कोठून? म्हणजे गाडी उलटते तेव्हा मालाचा विमा असू शकतो, आणि मालावर बसलेल्या माणसाचा नसतो. रस्ते अपघातानंतर भारतातील पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक गरीब कुटुंबांचे उत्पन्न घटले, असे जागतिक बँकेच्या 2021 च्या पाहणीत आढळले. त्यात नवल ते काय?

हे दूरच्या खानदेशातले प्रकरण म्हणून आम्हां किनाऱ्यावरच्यांनी निश्चिंत राहण्याजोगे नाही. बाणस्तारीच्या पुलावर ऑगस्ट 2023 मध्ये एका महागड्या मोटारीने अनेक वाहनांना धडक दिली व तिघे प्राणास मुकले. तेथे ना खेपांची घाई होती, ना मजुरीची अडचण. चतुर्थीला गावी परतताना वळणावर पुढे घुसणारे तर आमच्या-तुमच्या घरचेच असतात.

अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली, तेव्हा जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला, आणि 1 जुलै 2024 रोजी संहिता अमलात येताना ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. शिक्षेची वर्षे वाढविण्यावर एवढी चर्चा झाली. गाडीमालकाच्या व व्यापाऱ्याच्या जबाबदारीवर त्याच्या दशांशानेही झाली नाही. मजुरांना घरी पोचविणाऱ्या वेगळ्या गाडीचे भाडे व्यापाऱ्याने मालाच्या खरेदीखर्चातच धरावे, आणि मालावर माणूस आढळल्यास चालकाबरोबर त्याच्यावरही खटला भरावा, अशी तरतूद राज्य सरकारांना करता येईल. ती मागणी आम्ही येथे करीत आहोत.