पंप बदलला, समजूत कधी बदलणार?

रमजान आला की दमेकरी रोजेदारांच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो : पंप मारला तर रोजा तुटतो का? यावर उलेमांमध्ये एकमत नाही. सौदी अरेबियातील शेख इब्न बाज यांनी दम्याच्या स्प्रेने रोजा तुटत नाही, असे मत दिले. देवबंदच्या उलेमांच्या मते तो तुटतो. मात्र आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे, याबद्दल दुमत नाही. तरीही काही जण वाद नको म्हणून महिनाभर पंपच बाजूला ठेवतात.

हा प्रश्न केवळ रोजेदारांचा नाही. 2019 च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातील सुमारे 13 टक्के दमेकरी भारतात आहेत. दम्याच्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा सुमारे 42 टक्के आहे. औषध उपलब्ध असताना ही तफावत का? ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ या समजुती सर्वच समाजांत आहेत. लग्न ठरताना मुलीचा पंप लपवला जातो. गोळी चालते, पंप नको. खरे तर गोळीतले औषध रक्तातून सर्व शरीरात फिरते. पंपातले थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून अत्यल्प मात्रा पुरते.

दाबून मारायचा पंप 1956 मध्ये अमेरिकेत बाजारात आला. पुढे कोरड्या पावडरीच्या कॅप्सूलचे इन्हेलर आले. पण अलीकडचा मोठा बदल उपकरणापेक्षा उपचारपद्धतीत आहे. धाप लागल्यावर मारायचा जुना पंप नळ्या उघडतो, पण आतली सूज तशीच राहते. त्यामुळे 2019 मध्ये ‘जिना’ या जागतिक दमा संस्थेने केवळ अशा पंपावर विसंबू नये, अशी शिफारस केली. सूज कमी करणारे स्टेरॉइड आणि नळ्या लगेच उघडणारे फॉर्मोटेरॉल एकाच पंपात देण्यावर तिचा भर आहे. 2023 मध्ये अमेरिकेने साल्ब्युटामॉल व स्टेरॉइड एकत्र असलेल्या तातडीच्या पंपालाही मंजुरी दिली. श्वास किती जोराने ओढला याची नोंद ठेवणारे सेन्सरचे पंपही निघाले आहेत.

पण पद्धत चुकली तर महागडे उपकरणही वाया जाते. दाबायच्या पंपाचा श्वास सावकाश ओढायचा, पावडरीचा जोरात. दोन्हींत नंतर दहा सेकंद श्वास रोखायचा. हा फरक रुग्णाला समजावून सांगायला गर्दीच्या दवाखान्यात वेळ नसतो. दाबायच्या पंपाला स्पेसर, म्हणजे प्लास्टिकची साधी नळी, जोडली तर औषध घशात कमी आणि फुप्फुसात जास्त जाते.

स्टेरॉइडचे अनेक पंप दिवसातून दोनदाच घ्यायचे असतात. डॉक्टरांशी आधी बोलले, तर ही मात्रा पहाटे सेहरीला आणि संध्याकाळी इफ्तारला बसवता येते. नंतर चूळ मात्र भरायची. एवढे करूनही दिवसा धाप लागली, तर थांबू नये, पंप घ्यावा. राहिलेला रोजा रमजाननंतर ठेवता येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनीच हे सांगितले, तर दमेकऱ्याला पंप लपवावा लागणार नाही.