समुपदेशक हवेत, पण घडणार कुठे?

२०२५च्या जुलैमध्ये दिल्लीत दोन दिवसांच्या अंतराने दोन निर्णय झाले. २३ तारखेला विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवले की, मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम यापुढे दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवता येणार नाहीत. त्याच सत्रापासून नवे प्रवेश बंद. २५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती हवी. संस्था लहान असेल तर तिने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावे. शाळा, महाविद्यालये, शिकवण्या, वसतिगृहे, यातून कोणीही सुटले नाही. एका निर्णयाने समुपदेशकांची मागणी वाढवली, दुसऱ्याने ते तयार होण्याची एक वाट बुजवली. पुण्या-मुंबईला याची फारशी झळ बसणार नाही. पुणे जिल्ह्यातल्याच जुन्नर-आंबेगाव तालुक्यांना बसेल.

जुन्नर ते पुणे अंतर नव्वद किलोमीटरच्या पुढे. आंबेगावातल्या घोडेगावहून थोडे कमी, पण रोज ये-जा करून एम.ए. करावे इतके कमी नाही. म्हणजे पुण्यात खोली, मेसचा डबा आणि दोन वर्षांचा खर्च. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला भाव मिळाला तर एखादा बाप तेही निभावून नेईल. पण या विषयाकडे वळणारे सगळेच एकवीस वर्षांचे नसतात. आश्रमशाळेतली अधीक्षिका, ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका, अंगणवाडी सेविका, लग्न होऊन ओतूरला आलेली पदवीधर सून, या मंडळींना माणसांच्या दुखण्याची जाण असते. नोकरी, गायींच्या धारा आणि मुलांची शाळा सोडून पुण्याला जाता मात्र येत नाही. त्यांच्यासाठी इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठाचा दूरस्थ एम.ए. हाच काय तो रस्ता होता.

अनुदान आयोगाची बाजू पोकळ नाही. २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, वैद्यकीय समाजकार्यकर्ते यांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतले. रुग्णाला न पाहता आरोग्य व्यावसायिक तयार कसा होईल, हा प्रश्न रास्तच आहे. स्वाध्याय दुसऱ्याचे उतरवून आणि अंतर्वासितेच्या कागदावर ओळखीतल्या माणसाचा शिक्का मारून घेऊन जर पदवी मिळत असेल, तर अशा पदवीधराच्या समोर जीव द्यायला निघालेला मुलगा बसवणे धोक्याचेच. पण दुखणे शिक्क्याचे होते आणि बंदी आली पुस्तकांवर.

अमेरिकेत मानसिक आरोग्य समुपदेशनाची पदव्युत्तर पदवी आजही ऑनलाइन घेता येते. तिथल्या ‘केकरेप’ या अधिस्वीकृती संस्थेची अट मात्र कडक आहे: साठ श्रेयांकांचा अभ्यास, त्यात आधी १०० तासांचा सराव आणि मग ६०० तासांची अंतर्वासिता. या ६०० पैकी किमान २४० तास प्रत्यक्ष माणसांशी बोलण्याचे. शिवाय दर आठवड्याला पर्यवेक्षकासमोर हजेरी. व्याख्याने घरी बसून ऐका, तास मात्र भरलेच पाहिजेत, असा तो सरळ व्यवहार आहे. आपण व्याख्यानेच बंद केली.

हे तास कशासाठी, ते या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातल्या कोणत्याही दवाखान्यात कळेल. इथला माणूस ‘नैराश्य आले आहे’ असे सांगत येत नाही. डोक्यात मुंग्या येतात, छाती धडधडते, घास उतरत नाही, कशात मन लागत नाही, अशी तक्रार तो आणतो. तीही सलाइन लावून आणि भगताचा अंगारा आणून झाल्यावर. सुनेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोबत आलेली सासू देते. नवशिका समुपदेशक पाचव्या मिनिटाला म्हणतो, ‘टेन्शन घेऊ नका.’ बोलणे तिथेच आटोपते. जाणता पर्यवेक्षक शेजारी असेल तर तो सासूबाईंना केसपेपर आणायला बाहेर पाठवतो, सुनेला ‘शेवटची नीट झोप कधी लागली होती?’ एवढेच विचारतो आणि गप्प बसतो. तसे गप्प बसणे पुस्तकातून येत नाही. मरणाचे विचार मनात येतात का, हे आडपडदा न ठेवता कसे विचारायचे, उत्तर ‘हो’ आले तर घरातले तणनाशक आणि कीटकनाशक कोणाच्या ताब्यात द्यायचे, हेही कोणाच्या तरी हाताखालीच शिकावे लागते.

अशा माणसांची इथे गरज किती? निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या सर्वेक्षणात आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के मनोरुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. हा आकडा देशाचा. जुन्नर-आंबेगावचे घाव त्यात मावत नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. एसटीचा चालक नेहमीच्या फेरीला आला तेव्हा त्याला गावच दिसले नाही. त्या दिवशी बाहेरगावी होते म्हणून वाचलेल्यांना २०१७ साली आमडे इथे नवी घरे मिळाली. घर बांधून झाले की पुनर्वसनाची फाइल बंद होते. जुलैचा पाऊस लागला की रात्र जागून काढणाऱ्याची फाइल कोणत्याच कार्यालयात उघडत नाही. दुसरे दुखणे बिबट्याचे. जुन्नर वनविभागातल्या पिंपरखेड परिसरात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महिन्याभरात तीन बळी गेले. त्यानंतर तिथल्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतावर जाऊ लागल्या. वनखाते पिंजरे लावते, भरपाई देते. उसाचे पाचट वाजले तरी दचकणाऱ्या पोराचे काय करायचे, हे पिंजरा लावणाऱ्याने सांगावे अशी अपेक्षा नाही. पण मग सांगणार कोण?

बाहेरून आणलेला तज्ज्ञ महिन्यातून एकदा येईल आणि शेवटच्या एसटीच्या वेळेकडे डोळे लावून बसेल. इथली भाषा जाणणारा, भगतालाही विश्वासात घेऊ शकणारा माणूस इथलाच हवा. असा माणूस तयार होतो, याचा दाखला शेजारच्या गोव्यात आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण दिले. त्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत ठरावीक पद्धतीने संवाद साधला. नेहमीच्या उपचारांना या बैठकांची जोड मिळाली तेव्हा रुग्णांना अधिक गुण आला, हे २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्या प्रयोगाचा कणा पदवीचा कागद नव्हता. नेमके प्रशिक्षण आणि नियमित देखरेख हा होता.

म्हणून मागणी अशी की, बंदीऐवजी अट घाला. सिद्धान्त ऑनलाइन शिकवा. सराव मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात, नारायणगाव आणि घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयांत, आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत ठेवा. तासांची नोंद शिक्क्यावर न सोडता पर्यवेक्षकाच्या नावानिशी करा आणि त्याला जबाबदार धरा. तो पर्यवेक्षक आठवड्यातून एकदा व्हिडिओवर आणि महिन्यातून एकदा समोर भेटावा. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात काही आठवड्यांचे निवासी शिबिर सक्तीचे करा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांनी मिळून असा आराखडा राष्ट्रीय आयोगाकडे न्यावा. आणि राज्य सरकारने आश्रमशाळांत समुपदेशकाचे पद मंजूर करावे, म्हणजे शिकलेल्याला त्याच तालुक्यात काम मिळेल. न्यायालयाच्या निर्देशाला कागदी नेमणुकांनी वाटेला लावायचे नसेल, तर याला पर्याय नाही.

हे झाले नाही तर काय होईल, ते दिसतेच आहे. अनुदान आयोगाचा हुकूम विद्यापीठांवर चालतो. ‘काही आठवड्यांत समुपदेशक व्हा’ म्हणून मोबाइलवर जाहिराती करणाऱ्यांवर नाही. मान्यताप्राप्त दार बंद झाले की गिऱ्हाईक आपोआप त्या दुकानाकडे वळते आणि शाळाही नेमणूक दाखवण्यापुरते तेच प्रमाणपत्र फाइलला लावून मोकळी होते. दर्जा राखण्यासाठी घेतलेला निर्णय दर्जाच्याच मुळावर उठतो तो असा.

तोवर या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींनी पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत: माझ्यासमोर पहिला रुग्ण कधी बसणार, आणि तेव्हा माझ्या चुका सांगायला कोण असणार? उत्तर मिळाले नाही तर पैसे भरू नयेत. आणि ज्याला आज, आत्ता बोलायचे आहे त्याने पदवीधरांची वाट पाहू नये. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.