काका, तुमचा बोनस अडकलाय!

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन. मुलं मुंबई-पुण्यात, घरी दोघं म्हातारी, बँकेत निवृत्तीची एफडी. फोनवरून विमा खपवणाऱ्याला अजून काय हवं? "आयआरडीएआयमधून बोलतोय, बोनस अडकलाय, नवी पॉलिसी घेतलीत की सुटेल." साफ थाप! आयआरडीएआय ना विमा विकते, ना बोनस वाटते. हे तिने स्वतःच वारंवार जाहीर केलंय.

मग "एकदाच भरा" म्हणत सत्तरीतल्या माणसाच्या गळ्यात दहा वर्षांच्या हप्त्यांची पॉलिसी. दुसरा हप्ता झेपला नाही, की पहिल्यातलाही काही भाग गेल्यात जमा. याला म्हणे टार्गेट!

"सही करताना वाचायला काय झालं होतं?" असं विचारणारे महाभाग आपल्या हापिसातही आहेत. अहो, फोनवर खोटं बोलायचं आणि खरं बारीक अक्षरात छापायचं, यात चूक वाचणाऱ्याची कशी?

तर मंडळी, या वीकेंडला गावी जाऊन कपाटातली फाईल उघडा. २०२४ च्या नियमांनुसार जीवन विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. मुदत टळली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. तिथे ना फी, ना वकील. लाजून गप्प बसायचं असेल तर ते विकणाऱ्याने, आपल्या बाबांनी नव्हे.