तपासलेच नाही, म्हणून आजार नाही?

अमेरिकेतल्या फ्लिंटमध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य. पैसे वाचवायला २०१४ मध्ये सरकारने तिथे नदीचे पाणी नळाला सोडले. लिजिओनेअर्स न्यूमोनियाने किमान १२ जण मेले. गव्हर्नरने साथ जाहीर केली जानेवारी २०१६ मध्ये! अनेक रुग्ण आधी एकाच रुग्णालयात राहून गेलेले.

शॉवरच्या, कूलिंग टॉवरच्या तुषारांतून हा जंतू फुफ्फुसात शिरतो. नेहमीच्या कल्चरमध्ये उगवत नाही, पेनिसिलिनला दाद देत नाही. लघवीची तपासणी मुख्यतः त्याचा एकच प्रकार पकडते. थुंकीचे खास कल्चर किंवा पीसीआरही लागते. नुसते ‘न्यूमोनिया’ लिहून फाईल बंद केली, की पाणी निर्दोष सुटते. सोयीचेच ना?

महाडला १९२७ साली आपण पाण्यावर हक्क सांगितला. मग सरकारी दवाखान्याला निवेदन देताना हेही विचारा : वॉर्डातल्या नळाचा नमुना शेवटचा कधी तपासला? अहवाल दाखवा.