विमानांचं बोलणं घरी ऐकायचंय? स्कॅनर आणि अँटेना घेण्याआधी हे वाचा

परवा पनवेलच्या मामेभावाचा मेसेज आला, सोबत एका रेडिओची लिंक. "दादा, हा घेऊ का? विमानं डोक्यावरून जातात, पायलट काय बोलतात ते ऐकायचंय." २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून पोरगं गच्चीवरून खाली उतरत नाही. मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहतो आणि माझ्या खिडकीत असा स्कॅनर आहे. म्हणून त्याने मला विचारलं. मी कळवलं, "नको घेऊस." स्वतः ऐकतो आणि भावाला नाही म्हणतो, हे कसं? त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण आधी ही गोष्ट चालते कशी ते कळायला हवं.

मी या नादाला कसा लागलो

२८ एप्रिल २०२५ ला नेवार्क विमानतळाकडे येणाऱ्या विमानांना सांभाळणाऱ्या कंट्रोलर्सचे रडार आणि रेडिओ, दोन्ही सुमारे ९० सेकंद बंद पडले. हे कंट्रोलर नेवार्कमध्ये नाही, फिलाडेल्फियात बसतात. जुलै २०२४ मध्ये ते काम तिकडे हलवलं होतं आणि डेटा टेलिकॉम लाइनवरून तिथे जात होता. लाइन गेली आणि स्क्रीन काळी झाली. ९ मे च्या पहाटे पुन्हा तसंच झालं. नेवार्क माझ्या घरापासून २५-३० किलोमीटरवर. भारतात जायचं तर मी तिथूनच विमान पकडतो. कंट्रोलर आणि पायलट यांच्यातल्या बोलण्याच्या क्लिप फोनवर फिरत होत्या. त्या ऐकल्या आणि वाटलं, हे आपण स्वतः का ऐकू नये?

स्कॅनर: महाग म्हणजे योग्य असं नाही

पहिली चूक मी लगेच केली. सगळ्यात स्वस्त वॉकी-टॉकी मागवला. त्यावर १२० मेगाहर्ट्झचा आकडा टाकता येत होता, पण आवाज म्हणजे नुसती घरघर. कारण साधं आहे. प्रवासी विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये आणि एएम पद्धतीने चालतं. माझा सेट फक्त एफएम ऐकणारा होता. तेव्हा बॉक्सवर दोनच गोष्टी शोधा: हा पट्टा आणि त्या पट्ट्यात एएम.

दुसरा सापळा उलट्या बाजूचा आहे. सहा-सातशे डॉलरचे डिजिटल स्कॅनर पोलीस आणि अग्निशमन दलाच्या डिजिटल सिस्टिमसाठी असतात. विमानांचा आवाज आजही ॲनालॉग आहे, त्यासाठी ते पैसे वाया. युनिडेनचा बीसी१२५एटी हा साधारण शंभर-सव्वाशे डॉलरचा हँडसेट या कामाला पुरतो. त्यात ५०० चॅनल बसतात आणि लष्करी विमानांच्या वरच्या पट्ट्यातलाही मोठा भाग येतो.

लॅपटॉप असेल तर तिसरा रस्ता आहे: तीस-चाळीस डॉलरचा आरटीएल-एसडीआर डोंगल. तो यूएसबीला लावला की रेडिओचं बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं आणि एका वेळी दोन मेगाहर्ट्झचा पट्टा स्क्रीनवर दिसतो. आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना हे आवडतं. पण चहा घेता घेता नुसतं ऐकायचं असेल तर हँडसेटच बरा.

अँटेना: खरा फरक इथे पडतो

शंभर रुपये असतील तर साठ रेडिओवर आणि चाळीस अँटेनावर घाला, असं मी म्हणेन. सेटसोबत येणारी आखूड रबरी अँटेना फक्त सोय आहे. हिशोब करू. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १२७ मेगाहर्ट्झला ती २.३६ मीटर. तिचा पाव भाग म्हणजे जवळपास ५९ सेंटिमीटर. एवढी उभी दांडी आणि तिच्या खाली तेवढ्याच तीन-चार दांड्या पसरलेल्या, झाली चांगली अँटेना. दांडी उभीच हवी, कारण विमानाचे तरंगही उभेच ध्रुवित असतात. फ्लाइट ट्रॅकिंग ॲप ज्या एडीएस-बी सिग्नलवर चालतात ते १०९० मेगाहर्ट्झवर असतात. तिथे हाच पाव भाग सात सेंटिमीटरपेक्षाही कमी. त्यामुळे एकच अँटेना दोन्ही कामं नीट करेल अशी अपेक्षा नको.

हे तरंग सरळ रेषेत जातात, त्यामुळे उंची हेच सगळं. ३५ हजार फुटांवरचं विमान क्षितिजाआड जाईपर्यंत ४०० किलोमीटरच्या आसपास ऐकू येऊ शकतं. पण २५ किलोमीटरवरचा टॉवर मधल्या इमारतींमुळे येतच नाही. माझं तसंच आहे. मला पायलट स्पष्ट ऐकू येतो, कंट्रोलर नाही. प्रश्न गायब आणि फक्त उत्तरं!

आणखी दोन गोष्टी. केबल आखूड ठेवा, तीस मीटर साध्या आरजी-५८ मध्ये अर्ध्याहून जास्त सिग्नल मुरतो. आणि एफएम स्टेशनं ८८ ते १०८ वर, म्हणजे अगदी शेजारी असतात. जवळ एखादा टॉवर असेल तर विमानाच्या आवाजात गाणी घुसतात. तेव्हा नवा स्कॅनर घेऊ नका, एफएम अडवणारा छोटा फिल्टर लावा.

ऐकलं म्हणजे कळलं असं नाही

२९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टरची टक्कर झाली. ६७ जण गेले. काही तासांत टॉवरच्या क्लिप जगभर पोहोचल्या आणि फोनवर प्रत्येक जण तपास अधिकारी झाला. पण हेलिकॉप्टर एका फ्रिक्वेन्सीवर होतं आणि विमान दुसऱ्या. कंट्रोलर दोघांशी बोलत होता, त्या दोघांना मात्र एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एकाच चॅनलची क्लिप ऐकणाऱ्याला निम्मीच गोष्ट कळते.

फेब्रुवारीत तपास यंत्रणेने आणखी एक गोष्ट सांगितली. विमानाच्या मागून जा, ही सूचना कंट्रोलर देत होता, तेव्हाच हेलिकॉप्टरमधून ०.८ सेकंद बोलण्याचं बटण दाबलं गेलं होतं. बटण दाबलेलं असताना तो रेडिओ ऐकू शकत नाही. त्यामुळे ते शब्द त्यांच्यापर्यंत कदाचित पोहोचलेच नाहीत. टक्कर एवढ्याच एका कारणाने झाली असं नाही. पण या जगात एका सेकंदाची किंमत काय, ते कळतं.

मग मामेभावाला नाही का म्हटलं?

अमेरिकेत विमानांचं रेडिओ संभाषण ऐकायला केंद्रीय कायदा मोकळीक देतो. काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत, तेवढी बघावी लागतात. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेले संदेश ऐकणं गुन्हा आहे. भारतात रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी लागते, ही अट १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आली आहे. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये बेकायदा संदेश टिपण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकी विकणाऱ्या ई-कॉमर्स साइट्सना नोटिसाही दिल्या. म्हणजे साइटवर दिसतंय, कार्टमध्ये जातंय, म्हणून ते कायदेशीर आहे असं समजू नका.

त्यात भावाने पाठवलेला सेट नुसता ऐकणारा नव्हता, बोलायचं बटण असलेला होता. गच्चीवर कुतूहलाने ते बटण दाबलं गेलं आणि त्याच क्षणी वर कोणाला सूचना मिळत असेल तर? मी त्याला ०.८ सेकंदांची गोष्ट सांगितली. थोडा वेळ टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, "मग मी काय करू?"

त्याला तीन गोष्टी सांगितल्या. गच्चीवर ट्रॅकिंग ॲप उघड आणि कुठलं विमान कुठल्या दिशेने उतरतंय, वारा बदलल्यावर ती दिशा कशी बदलते, याची वही ठेव. भाषा शिकायची असेल तर लाइव्हएटीसीवर अमेरिकेतल्या विमानतळांचं बोलणं ऐक, पहिल्या आठवड्यात काहीच कळणार नाही, चौथ्यात कळेल. आणि रेडिओचंच वेड असेल तर हॅम परवान्याची परीक्षा दे. त्या परवान्याने विमानांचं बोलणं ऐकायची मुभा मिळत नाही, पण स्वतःचा रेडिओ आणि अँटेना हक्काने वापरता येते.

त्याने हॅमचा अभ्यासक्रम मागवलाय. ५९ सेंटिमीटरचं गणित त्याला मी आधीच पाठवलं आहे.