वाळूच्या कणांची साक्ष

सरस्वती नदी खरोखर वाहत होती, की ती केवळ ऋषींची कल्पना, या वादात अनेक दशके ग्रंथवचने आणि घोषणा यांचीच लढाई झाली. १९८५ मध्ये डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी शोधयात्रा काढून आदिबद्रीपासून गुजरातपर्यंतचा शुष्क मार्ग धुंडाळला, तेव्हा तथाकथित पुरोगामी इतिहासकारांनी तिची टवाळीच केली. परंतु हरियाणा आणि राजस्थानातून जाणाऱ्या घग्गर नदीच्या पात्रात एक असा साक्षीदार पडून होता, की ज्याला ना डावे ठाऊक ना उजवे. तो साक्षीदार म्हणजे वाळू.

स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याची ८७ आणि ८६ वस्तुमानांकाची दोन स्थिर समस्थानिके खडकात असतात. त्यांपैकी ८७ क्रमांकाच्या समस्थानिकात रुबिडियमच्या अतिमंद किरणोत्सर्गी क्षयातून भर पडत राहते. त्यामुळे जुन्या, अभ्रकाने समृद्ध ग्रॅनाइटात या दोहोंचे गुणोत्तर मोठे असते, तर दख्खनच्या काळ्या पाषाणात लहान. सागरजलात ते आज सुमारे ०.७०९ आहे. खडक झिजतो, त्याचे चूर्ण शेकडो कोस वाहत जाते, तरीही ते आपल्या उगमाचे गोत्र विसरत नाही. निओडिमियमच्या समस्थानिकांचीही अशीच साक्ष मिळते. मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर हे गुणोत्तर मोजले, की गाळ कोणत्या पर्वतपट्ट्यातून आला हे ताडता येते.

२००४ मध्ये जयंत त्रिपाठी, व्ही. राजमणी आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये याच पद्धतीने निष्कर्ष मांडला, की घग्गरचा गाळ हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांतून आला, हिमनद्यांच्या प्रदेशातून नव्हे. संशोधकांपैकी काही दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे, एवढ्यावरूनच काहींनी नाके मुरडली. हा प्रकार अनुचित होता. मोजमाप चुकले असेल तर मोजमापानेच खोडावे, विद्यापीठाच्या पाटीवरून नव्हे.

आणि तसेच घडले. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि मुंबईची आयआयटी येथील अनिर्बन चॅटर्जी, ज्योतिरंजन राय, अनिल शुक्ल व कांचन पांडे यांनी घग्गरच्या ३०० किलोमीटर पट्ट्यातील गाळ तपासला. वरच्या तपकिरी थरांखाली त्यांना पांढुरकी-करडी, अभ्रकाने चमकणारी वाळू आढळली. पायथ्याच्या शिवालिक टेकड्या मुळात हिमालयाच्याच जुन्या गाळाच्या, म्हणून केवळ समस्थानिकांवर विसंबणे धोक्याचे. यासाठी त्यांनी अभ्रककणांचे वयही काढले. २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा : ८० ते २० हजार आणि पुन्हा ९ ते साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कालखंडांत घग्गर बारमाही होती, आणि तिचा गाळ उच्च व मध्य हिमालयातून येत होता. हडप्पा संस्कृतीच्या आरंभीच्या वसाहती या दुसऱ्या कालखंडात तिच्या काठी वाढल्या.

आनंदाची बाब खरीच. परंतु उत्साहाच्या भरात शास्त्रज्ञांच्या तोंडी न बोललेली वाक्ये घालण्याची जी सवय सभा-संमेलनांतून बळावली आहे, तिला आवर घालावा लागेल. त्याच निबंधात दुसऱ्या पर्वाचे पाणी सतलजच्या, म्हणजे वेदांतील शुतुद्रीच्या, फाट्यांनी आणले असे म्हटले आहे. सरस्वतीची स्वतःची वेगळी हिमनदी त्यात नाही. ऋग्वेदाचा काळही वाळूचा कण सांगत नाही. शिवाय २०१७ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मधील एका अभ्यासाने सतलज सुमारे ८ हजार वर्षांपूर्वीच हे पात्र सोडून गेल्याचे म्हटले होते. या दोन अभ्यासांतील अंतर अद्याप मिटलेले नाही, आणि ते मिटवायचे तर पात्रात आणखी खोल वेध घ्यावे लागतील, एकाहून अधिक प्रयोगशाळांनी तेच नमुने स्वतंत्रपणे मोजावे लागतील.

हरियाणा शासनाने २०१५ मध्ये सरस्वती वारसा विकास मंडळ स्थापन केले, हे स्वागतार्हच. पण घाट, कमानी आणि महोत्सव यांच्याबरोबर त्या करड्या वाळूच्या रक्षणाचीही तरतूद व्हावी. ज्या थरांत हा पुरावा निजलेला आहे, ते थर बांधकामासाठी उपसले गेले, वा शेते सपाट करताना उलथेपालथे झाले, तर कोणत्याही यंत्राला ते पुन्हा वाचता येणार नाहीत. पात्रातील निवडक पट्टे संरक्षित घोषित करणे, तेथील वेधनमुने कायम जतन करणे, आणि ते मागणाऱ्या प्रत्येक संशोधकाला, मग तो कोणत्याही विद्यापीठाचा असो, खुले करणे, एवढे तरी या मंडळाने हाती घ्यावे.