बांध, टाइल आणि सात माणसं

वीकेंडला करायचं काय? मॉल झाला, मल्टिप्लेक्स झालं, मिसळ तर दर रविवारी होतेच. मग चार मित्र एका खोलीत जमतात आणि चौघंही आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. याला म्हणे भेटणं! यावर माझ्याकडे एक जालीम उपाय आहे. कार्कासॉन.

नावाला घाबरू नका. दक्षिण फ्रान्समधल्या तटबंदीच्या एका जुन्या शहराचं हे नाव. क्लाउस-युर्गन व्रेडं या जर्मन संगीतशिक्षकाने हा बोर्ड गेम बनवला. २००० साली तो बाजारात आला आणि २००१ मध्ये त्याने जर्मनीतला 'वर्षातला सर्वोत्तम खेळ' हा मानाचा पुरस्कार पटकावला. गंमत म्हणजे, या बोर्ड गेमला बोर्डच नाही! टेबलावर असते फक्त एक टाइल. बाकीचा नकाशा आपण खेळता खेळता तयार करायचा.

मी पडले धुळ्याची, त्यामुळे मला याचं जास्तच अप्रूप. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं धुळ्यात आणलं आणि नवं धुळं सरळ रेषेत आखून घेतलं. आमच्याकडे गल्ल्यांना आजही नंबर आहेत. गल्ली नंबर चार म्हटलं की पत्ता संपला. इथे मात्र उलटा कारभार. गाव कसं वाढेल, हे कुणालाच माहीत नसतं.

तर आता नियम. दोन ते पाच जण खेळू शकतात. मूळ खेळात ७२ टाइल्स. कुणावर रस्ता, कुणावर तटबंदीच्या शहराचा तुकडा, कुणावर मठ आणि उरलेल्या जागेत हिरवीगार शेतं. प्रत्येकाकडे आपल्या रंगाची सात छोटी लाकडी माणसं. यांना म्हणतात मीपल. आपली पाळी आली की पालथ्या टाइल्समधून एक उचलायची आणि आधीच्या टाइलला जोडायची. रस्त्याला रस्ता, शहराला शहर, शेताला शेत. कडा जुळल्याच पाहिजेत, तिथे नो सेटिंग! मग वाटलं तर त्याच टाइलवर आपला एक माणूस उभा करायचा. फक्त त्या रस्त्यावर किंवा शहरात आधीपासून कुणाचा माणूस नको.

रस्ता पूर्ण झाला की टाइलमागे एक गुण. शहर पूर्ण झालं की टाइलमागे दोन आणि ढालीचं चिन्ह असेल तर त्याचे आणखी दोन. म्हणजे चार टाइल्सचं, एका ढालीचं शहर झालं दहा गुणांचं. ते अर्धवट राहिलं तर शेवटी निम्मेच, पाच. मठ आठही बाजूंनी वेढला गेला की नऊ. काम झालं की माणूस परत हातात. माणसं सातच आहेत, त्यामुळे सगळी एकदम अडकवून बसलात तर पुढचं शहर दुसऱ्याचं.

खरा फंडा पुढे आहे, बॉस. दुसऱ्याच्या शहरात थेट घुसता येत नाही, पण शेजारी स्वतःचं छोटं शहर सुरू करता येतं. नंतर मधली टाइल मिळाली की दोन्ही शहरं एक! ज्याची माणसं जास्त, त्याला सगळे गुण. आणि बरोबरी झाली तर? वाटणी नाही. दोघांनाही पूर्ण गुण.

शेताचं गणितही हेच. शेतकरी आडवा झोपवायचा आणि तो खेळ संपेपर्यंत उठत नाही. त्याच्या शेताला लागून जितकी पूर्ण शहरं, तितके तीन-तीन गुण शेवटी मिळतात. शेतांच्या मध्ये रस्ता किंवा तट आला की झाली हद्द. आपल्या भाषेत बांध.

बांधावरून आमच्या घरात काय झालंय ते सांगते. माझे बाबा आणि मोठे काका जेमतेम दोन फुटांच्या बांधावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. आम्हा पोरांचं मात्र छान जमतं. गेल्या दिवाळीत काकांच्या ओट्यावर चुलतभावासोबत डाव मांडला. दादाचा शेतकरी मोठ्या शेतात झोपलेला, माझा रस्त्यापलीकडे. रस्ता संपतो तिथून वळसा घालून मी एक टाइल लावली आणि दोन्ही शेतं एक झाली. लागून पाच पूर्ण शहरं.

"म्हणजे पंधरा. साडेसात-साडेसात?" दादाने विचारलं.

"नाही दादा. तुलाही पंधरा, मलाही पंधरा."

मागे पेपर वाचत बसलेले काका म्हणाले, "असा नियम तलाठ्याकडे असता तर बरं झालं असतं."

घरी येऊन बाबांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बांध अजून तिथेच आहे. पण परवा त्यांनी फोनवर मला विचारलं, "तो तुमचा टाइलचा खेळ किती जणांचा असतो गं?"

असो. तुम्ही नव्याने खेळणार असाल तर पहिला डाव शेतकऱ्यांशिवाय खेळा, डोक्याला ताप नको. एक-दोन माणसं कायम हातात राखून ठेवा. शेवटच्या दहा टाइल्स उरल्या की नवं शहर काढू नका, असलेलं पूर्ण करा. डाव पाऊण तासात आटोपतो, म्हणजे जेवण गरम होईपर्यंत एक डाव सहज होतो. आणि गावी जाताना डबा बॅगेत टाकाच. घरात एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं असतील तर त्यांना शेजारी-शेजारी बसवा. कडा जुळवायच्या म्हटलं की थोडं तरी बोलावंच लागतं.